ससा, रानससा, रॅबिट: कुठे कोणता शब्द?

पारवा: एका लेखाच्या भाषांतरात 'हेअर' आणि 'रॅबिट' एकाच परिच्छेदात आलेत. दोघांनाही 'ससा' म्हटलं तर फरक सांगणारं वाक्यच कोलमडतं. 'वाइल्ड रॅबिट'ला 'रानससा' चालेल?

माळढोक: नाही. रानससा म्हणजे आपल्या माळावरचा, शेताच्या बांधावरचा हेअर. शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा. उदी-करडा रंग, पोट पांढरं, लांब कान, मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब आणि मानेमागे काळा डाग. उत्तरेकडच्या उपजातीत हा डाग काळा नसतो. रॅबिट मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. लाल डोळ्यांचा पांढरा ससा ही त्याचीच पाळीव जात, आणि पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुधा तिचीच. 'शशांक'मधला शश मात्र आपला रानातला.

खरा फरक पिल्लांत. रॅबिटची मादी साधारण 30 दिवसांनी विते. बिळात गवत आणि स्वतःच्या अंगाची लव अंथरते. पिल्लं उघडी, आंधळी. डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. रानससा असं बीळ करत नाही, गवतात अंगाच्या मापाचा खोलगा दाबून बसतो. त्याचा गर्भकाळ 40 दिवसांहून जास्त. पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. म्हणून 'रानसशाने बिळात पिल्ले घातली' लिहिलंत की जाणकार तिथेच थांबणार.

पारवा: मग रॅबिटला काय म्हणू?

माळढोक: पहिल्यांदा 'रॅबिट, म्हणजे बिळात राहणारा युरोपी ससा', पुढे नुसतं 'रॅबिट'. ओढूनताणून नवा शब्द घडवू नका. आणि 'अनाथ पिल्लू' हा शब्दही जपून वापरा. रानसशाची मादी पिल्लांपासून दूर राहते आणि दिवसातून एखाद्याच वेळी, बहुधा अंधार पडल्यावर, येऊन पाजते. गवतात एकटं दिसलेलं पिल्लू टाकलेलं नसतं. लोक उचलून घरी आणतात, बाटलीनं गाईचं दूध पाजतात. ते पचत नाही, ठसका लागून फुफ्फुसातही जातं. जिथे आहे तिथेच राहू द्यावं.

कानामात्रा: व्याकरणाचं एक. 'ससाचे कान' नव्हे, 'सशाचे कान'. घसा-घशाचा, मासा-माशाचा, तसंच. अनेकवचन ससे, सशांचे. नुकत्याच आलेल्या एका बालपुस्तकात पानोपानी 'ससाला' छापलंय!

पारवा: 'ससेहोलपट' आणि 'ससेमिरा', दोन्ही सशावरूनच ना?

कानामात्रा: पहिला होय, दुसरा अजिबात नाही. मागे शिकारी लागल्यावर सशाची जी गत होते ती ससेहोलपट. शब्द स्त्रीलिंगी: 'गाडी रद्द झाली आणि प्रवाशांची ससेहोलपट झाली'.

माळढोक: चित्र अचूक आहे. रानससा पायाखाली येईपर्यंत दबून राहतो, मग एकदम उसळतो आणि पळता पळता झटक्यानं दिशा बदलतो. बिळाचा आसरा नसल्यानं त्याची सगळी भिस्त पायांवर.

कानामात्रा: 'ससेमिरा' ही चार श्लोकांची आद्याक्षरं: स, से, मि, रा. आपल्याला वाचवणाऱ्या अस्वलाशी दगा केलेला राजपुत्र वेडा होऊन एवढंच बडबडत राहतो, अशी संस्कृत कथा आहे. तेव्हा 'मागे ससेमिरा लागला' लिहिताना शेजारी सशाचं चित्र काढू नका.