लक्षात राहिलेला संदेश: तुमचे अनुभव लिहा

शब्बाथशाळा
चर्चमधला रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, दुपारच्या जेवणापर्यंत टिकला तरी पुष्कळ, असं माझी सासू म्हणते. तरी एखादा वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. शास्त्रातला कुठला उतारा होता, पाळकांनी किंवा फादरांनी तो कसा उलगडला आणि त्यानंतर मंडळीत काही हललं का, एवढं लिहा. काहीच हललं नसेल तर तेही लिहा. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कुठल्याच चर्चला न जाणारे, सगळे चालतील. चर्चची आणि पाळकांची नावं मात्र नकोत. आणि कोणाचा बाप्तिस्मा खरा हा वाद कृपा करून इथे आणू नका.

सुरुवात मी करते. नगर जिल्ह्यातलं आमचं गावचं चर्च. पुढे पाहुण्यांसाठी आणि कमिटीच्या लोकांसाठी खुर्च्या, मागे सगळ्यांना सतरंजी. नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणतात, तो भाग. वाचून झाल्यावर ते पुलपिटवर गेलेच नाहीत. मागे उसाच्या तोडीवरून आलेली दोन कुटुंबं बसली होती, त्यांच्याजवळ सतरंजीवर बसून सगळा संदेश दिला. पुढच्यांना माना वळवून ऐकावं लागलं! कमिटीत बरीच धुसफूस झाली. खुर्च्या आजही आहेत, पण आता त्यांवर गुडघेदुखीवाले बसतात.

बावखल
शब्बाथशाळाताई, आमच्या वसईचा किस्सा नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा आहे.

माझ्या आजोबांनी लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, ऐकलेली. फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोक आपापली रोझरी म्हणत बसलेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) मिस्सा मराठीत आली. आजोबा म्हणायचे, आता फादर काय बोलतात ते कळायला लागलं, ही पंचाईतच झाली. ती पंचाईत किती खरी होती ते पुढे जमिनींचे भाव चढले तेव्हा दिसलं. केळीच्या, पानवेलींच्या वाड्या विकल्या जात होत्या, बावखलं, म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, भराव टाकून बुजवली जात होती आणि विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन बहुतेकांना माहीत असेल. मी सांगतोय ते आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) एका साध्या, फारसं न बोलणाऱ्या फादरांबद्दल.

पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकविसावा अध्याय. अहाब राजाला वाड्याशेजारचा मळा हवा असतो, कशासाठी, तर भाजीपाल्यासाठी. तो बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार आहे. फादर इथेच थांबले आणि म्हणाले, बघा, सौदा वाईट नाहीये. आमच्यातले निम्मे लोक नेमका तसाच सौदा करून आलेले, त्यामुळे कोणी हलेना. नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचं वतन. मग राजा अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून निजतो, ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथ दगडांखाली मरतो. फादरांनी बिल्डरांना एक शब्दही लावला नाही. त्यांनी विचारलं, ते दोन साक्षीदार कोण होते? नाबोथाच्याच गावचे. त्याच्या शेजारच्या बाकावर बसणारे.

सातबाऱ्यावर सही करणारे, दलाली घेणारे, ग्रामसभेत गप्प बसलेले, सगळे त्या मिस्सेत हजर होते. बाहेर नेहमी रंगणाऱ्या गप्पा त्या दिवशी रंगल्या नाहीत. माझ्या काकांचा व्यवहार ठरला होता, तो त्यांनी मोडला. धाकट्या काकांनी मात्र केला. दोघंही अजून मिस्सेला येतात, वेगवेगळ्या बाकांवर.

जालनावाला
आमच्याकडे दलित ख्रिस्ती 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात. 1950 मध्ये त्याच तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. आम्ही ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. गाव आम्हाला जुन्याच नावाने ओळखतं, कागद ओळखत नाही.

तर अशाच एका ऑगस्टमध्ये लूकच्या चौथ्या अध्यायावर संदेश होता. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा ग्रंथ उघडतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. आम्ही खूश. हा आपलाच उतारा, आता सरकारला धुणार. पाळक म्हणाले, सगळे इथेच पुस्तक मिटतात, पुढे वाचा. पुढे येशू सारफथच्या विधवेचं आणि सुरियाच्या नामानाचं नाव काढतो, म्हणजे परक्यांचं. मघाशी कौतुक करणारं गाव त्याला कड्यावरून लोटायला निघतं.

मग त्यांनी सरळ विचारलं: सरकारने आपल्याला जातीवरून बाहेर ठेवलं हे अन्यायाचं आहेच. पण आपण सोयरीक जमवताना ‘मूळचे कोण?’ असं विचारतो की नाही? प्रभुभोजनाला एकच प्याला, आणि लग्नाला दोन पंगती?

कड्यापर्यंत नेलं नाही त्यांना, पण पुढच्या बदलीत ते गेले. निवेदनावर सह्या करताना आता त्यांचं वाक्य कोणीतरी हमखास काढतं. सोयरिकी? एक झाली. माझ्या बहिणीची.

केडगाव पॅसेंजर
केडगावच्या मुक्ती मिशनला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या संस्थेत, एका स्त्रीने दिलेला संदेश ऐकला, बायबलातल्या रूथवर. परकी, विधवा, सासूबरोबर आलेली. कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबांची आणि परक्यांची, हा नियमशास्त्रातला कायदा होता म्हणून रूथ जगली, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ती भीक नव्हती, तिचा हक्क होता. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या त्या याच केडगावात, आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे इथल्याच बायकांनी जुळवले. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, छापून पूर्ण झालेलं पुस्तक आलं 1924 मध्ये. नातवंडांना घेऊन जरूर जा.

वाळवंटी
आखातात आमची मराठी उपासना शुक्रवारी असायची, सुट्टी तेव्हाच. लेबर कँपची बस उशिरा यायची, म्हणून वेळ अर्धा तास पुढे ढकलावी का यावर तीन महिने चर्चा झाली. शेवटी द्राक्षमळ्यात संध्याकाळी आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देणाऱ्या धन्याचा दाखला कोणीतरी वाचला. वेळ ढकलली. एवढंच.

सातारी
मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला. मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो तेव्हा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर चालली होती, मला अनोळखी असं काही वाटलंच नाही. पाळकांनी सांगितलं की 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही. नंतर मला चहाला थांबवून घेतलं. धर्म बदला वगैरे कोणी बोललं नाही, पुढच्या भजनाला टाळ कोण धरणार एवढंच विचारलं. अधूनमधून जातो.

आईची लेक
सगळं वाचून बरं वाटलं, पण मी जरा कडू लिहिते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायावर सुंदर संदेश झाला. चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून येशूपुढे उतरवतात. त्या वेळी माझी आई व्हीलचेअरवर दाराबाहेर, उन्हात, लाउडस्पीकरवर ते ऐकत होती. दाराला चार पायऱ्या आहेत. उपासना संपल्यावर मी पाळकांना म्हटलं, छप्पर राहू द्या, पायऱ्यांचं बघा. ते ओशाळले खरे. तरुण संघाच्या पोरांनी पुढच्या रविवारी फळ्या टाकल्या, पण त्या इतक्या उभ्या की आईला वर न्यायला चौघेच लागतात! पक्का रॅम्प कमिटीच्या विषयपत्रिकेवर आहे. ‘वास्तू जुनी आहे’ असं उत्तर मिळतं.

बांधकामवाला
ताई, चार पायऱ्या म्हणजे साधारण दोन फूट उंची. एका फुटाला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे चोवीस फूट. पुढे तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. जुन्या भिंतीला हात न लावता वेगळा उभा करता येतो, तेव्हा वास्तूचं कारण टिकत नाही. उंची नीट मोजून इथे टाका, मी कच्चा आराखडा आणि अंदाजपत्रक करून देतो. कमिटीपुढे कागद ठेवा.