मदत हवी आहे: ‘सॅबोटाज’ला मराठीत काय म्हणू?

आठवीच्या मुलांसाठी पाच मिनिटांचं कथाकथन लिहितेय. विषय डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग शहरातला चर्चिल क्लब, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणारा शाळकरी मुलांचा गुप्त गट. ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य घुसलं आणि सरकारने काही तासांतच शरणागती पत्करली. ते सहन न झालेल्या क्नूड पेडरसन, त्याचा भाऊ येन्स आणि शाळेतल्या मित्रांनी सायकलींवरून फिरत जर्मनांच्या गाड्या जाळल्या, बंदुका पळवल्या. मे १९४२ मध्ये पकडले गेले तेव्हा क्नूड अवघा सोळा वर्षांचा होता.

अडलंय ते त्यांच्या कामाच्या नावावर. ‘घातपात’ लिहिलं तर बातम्यांमुळे मुलांना दहशतवादीच आठवतात. ‘तोडफोड’ म्हटलं की एसटीच्या फुटलेल्या काचा! ‘विध्वंस’ फार मोठा वाटतो आणि ‘प्रतिकार’मध्ये पेटलेली गाडी दिसतच नाही. ‘भूमिगत’ चालेल, पण तो माणसांसाठी, कृतीसाठी नाही.

गोष्ट मोठ्याने सांगायची आहे, त्यामुळे तळटीप किंवा कंसातला खुलासा नको. हा शब्द चार वेळा येतो, म्हणून लांबलचक वाक्प्रचारही नको. बेचाळीसच्या चळवळीत रूळ उखडणारे, तारा कापणारे आपले लोक या कामाला आपसात काय म्हणायचे? घरच्या जुन्या माणसांकडून कुणी ऐकलंय का?