खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीची रचना कशी बसवावी? तीन प्लांट, दोन कंपन्या. सल्ला हवा

सातपूर_खरेदी
नमस्कार मंडळी. आमचे नाशिकमधले सातपूर आणि अंबडचे प्लांट एका प्रायव्हेट लिमिटेडचे. सिन्नरजवळ माळेगावला टूलरूम (साचे-अवजारं बनवायचा कारखाना) आहे, ते मालकांच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर. खरेदी सगळी सातपूरहून, आम्ही चौघं बघतो. आता एसएपी हे कंपनीचा सगळा व्यवहार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर घेतोय. सल्लागाराने पहिल्याच मीटिंगला एचआरचा चार्ट मागितला, म्हणाला हाच सिस्टीममध्ये चढवू. मला ते खटकलं, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच केलं होतं. इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, आधी साहेबाकडे, मग त्याच्या साहेबाकडे, अशा सहा सह्या. मार्चमध्ये माळेगावच्या स्टोअरने इन्सर्टच्या (कटिंग टूलवर बसणाऱ्या पात्यांच्या) दोन डब्यांचं इंडेंट टाकलं. प्लांट हेड मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते, इंडेंट नऊ दिवस त्यांच्या लॉगिनला पडून. शेवटी स्टोअरचा माणूस मोटरसायकलवर सातपूरला येऊन डबे घेऊन गेला आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) मागाहून झाला. हे पुन्हा नको. कशी लावू रचना?

अंबडकर
भाऊ, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. चार प्रश्न वेगळे ठेवा: पैसे कोणाच्या वहीतून जाणार, माल कुठे उतरणार, भाव कोण ठरवणार, मंजुरी कोण देणार. एचआरच्या चार्टमधून फक्त कोण कोणाच्या हाताखाली ते कळतं.

वह्या दोन, म्हणून कंपनी कोड (सिस्टीममध्ये स्वतंत्र हिशेब ठेवणारी कंपनी) दोन. माल तीन ठिकाणी उतरतो, म्हणून प्लांट तीन. एक प्लांट एकाच कंपनी कोडखाली बसतो, आणि एकदा एंट्र्या सुरू झाल्या की तो हलवणं म्हणजे जवळपास नव्याने मांडणं. त्यामुळे हे आधी कागदावर, सीएंना शेजारी बसवून ठरवा.

भाव तुम्ही चौघंच ठरवता, मग पर्चेसिंग ऑर्गनायझेशन (सिस्टीममध्ये सप्लायरशी भाव ठरवणारा विभाग) एकच ठेवा. ती कुठल्याही कंपनी कोडला न बांधता तिन्ही प्लांटना जोडता येते. बरेच जण प्रत्येक प्लांटला वेगळी काढून बसतात, आणि मग एकाच सप्लायरच्या एकाच मालाला तीन भाव निघतात. पीओ मात्र एका वेळी एकाच कंपनीचा होतो, टूलरूमचा माल वेगळ्या पीओवर.

आणि पर्चेसिंग ग्रुपला (कुठली खरेदी कोण बघतं तो कोड) माणसांची नावं देऊ नका. स्टील, टूलिंग, पॅकिंग, सर्व्हिस अशी द्या. माणूस नोकरी सोडून जातो, त्याच्या नावाचा कोड जुन्या पीओंवर तसाच राहतो.

हिशेबनीस
सीएंकडचा मुद्दा मी सांगते. सातपूर आणि अंबड एकाच राज्यात, एकाच पॅनवर, त्यामुळे २७ ने सुरू होणारा एकच जीएसटी नंबर दोघांना चालतो. अंबडचा पत्ता नोंदणीत जादा ठिकाण म्हणून घातलाय का ते बघा. या दोघांत माल डिलिव्हरी चलनावर फिरेल. टूलरूमचा पॅन वेगळा, तिकडे विकलेल्या मालाचं टॅक्स इन्व्हॉइसच करावं लागेल.

मंजुरीचा वेळही हिशेबात धरा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत द्यावेच लागतात. बिल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये महिनाभर अडकलं तर भोगतो तो आपला छोटा जॉबवर्कवाला.

स्टोअर_सिन्नर
डिलिव्हरीचा पत्ता प्लांटवर नीट टाका, ही माझी कळकळीची विनंती. आमच्याकडे सगळ्या पीओवर हेड ऑफिसचाच पत्ता छापून यायचा. बारा मीटरचे बार घेतलेला ट्रेलर सातपूरच्या गेटवर उभा, आणि क्रेन सिन्नरला. संध्याकाळी सहाला घोटी मार्गे की द्वारका मार्गे यावर ड्रायव्हरशी फोनवर बोलत होतो. त्या दिवशीचं भाडं दुप्पट गेलं.

सातपूर_खरेदी
खूप आभार सगळ्यांचे. मंजुरीच्या पायऱ्या किती ठेवू? मालकांना प्रत्येक पीओ बघायचा असतो.

अंबडकर
एसएपीच्या जुन्या पद्धतीच्या रिलीज स्ट्रॅटेजीत (मंजुरीच्या नियमांत) आठ पायऱ्यांपर्यंत जाता येतं, म्हणून आठ लावायच्या नाहीत. तुमच्या आकाराला दोन, मोठ्या रकमेला तीन पुरे. मालकांना मागच्या वर्षीचे सगळे पीओ रकमेच्या क्रमाने लावून दाखवा, रेघ कुठे मारायची ते त्यांचं तेच सांगतील. छोट्या पीओंची आठवड्याची यादी त्यांना द्या, सही मागू नका. मंजुरी पदाला जोडा, आणि रजेवर जाणाऱ्याने बदली नेमल्याशिवाय रजा नाही हा नियम करा. पीओ बनवणारा आणि मंजूर करणारा एक नसावा, हे चौघांच्या टीममध्येही पाळा.

एक गोष्ट टेस्टिंगला नक्की करून बघा. पीओची मंजुरी हेडरवर (पीओच्या वरच्या, सगळ्या ओळींना लागू असलेल्या भागावर) ठरते. सातपूर आणि अंबड दोन्हींचा माल एका पीओवर आला, तर हेडरला प्लांट रिकामा दिसतो. रिकाम्या प्लांटचा नियम लावलेला नसेल तर त्या पीओला मंजुरीच लागत नाही, तो थेट सुटतो. आम्हाला हे चालू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं.

सातपूर_खरेदी
हे सल्लागाराच्या बोलण्यात आलंच नव्हतं. सोमवारी सीएंना घेऊन बसतोय. आधी दोन प्लांटचा एक पीओ टाकून बघतो, काय होतं ते इथेच कळवतो.