अबोध, नेणीव, अचेतन, गूढ : आत दडलेल्या ‘मी’ला मराठीत काय म्हणावे?

गोव्यातील डिचोलीहून एका शिक्षिकाबाईंची विचारणा आली आहे. त्यांच्या वाचनमंडळात फ्रॉइड आणि युंग या पाश्चात्त्य मनोविश्लेषकांच्या विचारांची ओळख करून देणारे टिपण मराठीत तयार होत आहे आणि त्याच टिपणात उपनिषदांतील आत्मविचार व योगशास्त्रातील संस्कारविचारही यायचा आहे. माणसाच्या आत असलेल्या, पण त्याला स्वतःलाच न दिसणाऱ्या भागासाठी मंडळातले कोणी ‘अचेतन मन’ लिहितात, कोणी ‘सुप्त मन’, कोणी ‘नेणीव’, तर कोणी सरळ ‘आत्मा’. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, आणि चालत नसतील तर कोणता शब्द कुठे योजावा, असा बाईंचा प्रश्न आहे.

माझे मत असे की ते एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. यामागे शुद्धलेखनाचा किंवा पारिभाषिक शिस्तीचा आग्रह नाही. ‘दडलेले’ म्हणताना फ्रॉइड आणि उपनिषत्कार दोन वेगळ्या गोष्टींकडे बोट दाखवतात, आणि दोघांना एकच शब्द दिला की वाचकाला वाटते, पूर्वेला आणि पश्चिमेला एकच शोध लागला होता. हा समज सुखावणारा असला तरी त्यात दोन्हीकडचे महत्त्वाचे काही हरवते.

प्रथम ‘अचेतन’. हिंदीत मानसशास्त्राच्या लेखनात हा शब्द रूढ आहे आणि हिंदी पुस्तकांवाटे तो आपल्याकडेही येतो. मराठीत मात्र ‘अचेतन’ म्हणजे जड, निर्जीव. दगड अचेतन असतो. फ्रॉइड यांना जे सांगायचे होते ते नेमके याच्या उलट आहे. त्यांच्या मते जाणिवेबाहेर ढकललेली इच्छा निपचित पडून राहत नाही. ती स्वप्नात वेश पालटून येते, बोलताना जीभ घसरते तिथे डोकावते, कारण न सापडणाऱ्या भीतीत बोलते. इतक्या जित्याजागत्या गोष्टीला अचेतन म्हणणे मराठी कानाला पटणारे नाही.

‘सुप्त मन’ कानाला गोड लागते आणि व्याख्यानांत सर्रास चालते, पण त्यातही हीच अडचण आहे, कारण सुप्त म्हणजे झोपलेले. शिवाय ‘सुप्त मन’, ‘अवचेतन’, ‘अंतर्मन’ हे शब्द आपण जाणिवेच्या खाली असलेला जणू दुसरा मजला अशा अर्थाने वापरतो. फ्रॉइड यांनी 1915 सालच्या आपल्या निबंधात ‘जाणिवेखालचे’ अशा अर्थाचा शब्द दिशाभूल करणारा म्हणून नाकारला आणि ‘जाणिवेत नसलेले’ एवढाच अर्थ देणारा साधा जर्मन शब्द कायम ठेवला. म्हणून फ्रॉइड यांच्यापुरते तरी ‘सुप्त मन’ लिहू नये.

‘सुप्त’ला त्याचे हक्काचे घर योगसूत्रांत आहे. पतंजलींनी दुसऱ्या पादात क्लेशांच्या, म्हणजे दुःखाला कारण होणाऱ्या मनोदोषांच्या, चार अवस्था सांगितल्या आहेत : प्रसुप्त, तनू (क्षीण), विच्छिन्न आणि उदार (पूर्णपणे प्रकट). प्रसुप्त क्लेश म्हणजे बीजरूपाने पडून असलेला, निमित्त मिळताच अंकुरणारा. विच्छिन्न अवस्था मला याहून विचार करायला लावणारी वाटते. भाष्यकार व्यास सांगतात की प्रेम उफाळलेले असते त्या वेळी राग दिसत नाही. तो नाहीसा झालेला नसतो, तेवढ्यापुरता खंडित असतो. मनाच्या न दिसणाऱ्या भागाचे इतके बारीक निरीक्षण ज्या परंपरेत आहे तिच्याविषयी लिहिताना तिचेच शब्द घ्यावेत. तिथे ‘संस्कार’ (अनुभवाचा मनावर उरलेला ठसा), ‘वासना’, ‘कर्माशय’ (कर्मांचा साचलेला साठा) लिहावे, ‘अबोध मन’ लिहू नये. योगाचार पंथाच्या बौद्धांचे ‘आलयविज्ञान’ही तसेच ठेवावे, बीजांचे कोठार ही त्यातली कल्पना शब्दातच आहे.

‘वासना’ या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. आजच्या मराठीत त्याचा अर्थ आक्रसून कामवासनेपुरता उरला आहे, असे म्हटले जाते. ते वर्तमानपत्रांच्या भाषेपुरते खरे आहे. घरातल्या भाषेत जुना अर्थ टिकून आहे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की जमलेले लोक म्हणतात, ‘काहीतरी वासना राहिली असेल.’ मग कोणी पुढे होऊन मोठ्याने सांगतो की धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ, कोणी म्हणतो की बागायतीची वाटणी नीट होईल, आणि सगळ्यांचे डोळे दर्भावरच्या त्या भाताच्या गोळ्याकडे लागलेले असतात. अपुरी राहिलेली, माणसाने हयातीत कदाचित बोलूनही न दाखवलेली इच्छा, हा ‘वासना’चा अर्थ तिथे लख्ख दिसतो. फ्रॉइड यांच्या स्वप्नविचाराच्या मुळाशी असलेली ‘इच्छा’ समजावताना हे उदाहरण जरूर द्यावे. मात्र पारिभाषिक शब्द म्हणून ‘वासना’ योजू नये, कारण योगशास्त्रात तिच्यामागे जन्मजन्मांतराची साखळी आहे आणि फ्रॉइड यांच्या विचारात ती नाही.

आता ‘नेणीव’. मराठी समीक्षेत ‘सामूहिक नेणीव’, म्हणजे साऱ्या मानवजातीला सामाईक असा मनाचा न दिसणारा भाग, हा शब्दप्रयोग युंग यांच्या संदर्भात चांगला रुळला आहे आणि तो सुंदर आहे, यात शंका नाही. पण संतसाहित्यात या शब्दाचे काम वेगळे आहे. हरिपाठात ‘जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं’ असे ज्ञानदेव म्हणतात, तेव्हा जाणीव म्हणजे जाणतेपण आणि नेणीव म्हणजे नेणतेपण. देवाच्या ठिकाणी हे दोन्ही नाही. तिथे नेणीव हा मनाचा एखादा कप्पा नाही. गोव्यातल्या वाचकाला हे अधिक सहज कळेल, कारण ‘नेण-’ हा धातू मराठीत आता पुस्तकी झाला असला तरी कोकणीत तो जिवंत आहे. वाट विचारल्यावर ‘हांव नेणां’ असे उत्तर देणारा मनुष्य काही दडपत नसतो. त्याला ठाऊक नसते, इतकेच. फ्रॉइड यांच्या विचारात माणसाला एका परीने सगळे ठाऊक असते आणि तरीही ते त्याच्यापर्यंत पोचू दिले जात नाही. तेवढी गाठ ‘नेणीव’ दाखवू शकत नाही.

राहिला ‘अबोध’. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत तो रुळलेला आहे आणि शास्त्रीय टिपणासाठी मी तोच सुचवेन. ‘अबोध बालक’ या प्रयोगात त्याचा अर्थ निरागस असा होतो हे खरे, पण ‘अबोध मन’, ‘अबोध प्रेरणा’, ‘सामूहिक अबोध’ अशा जोडणीत तो घोटाळा होत नाही. शिवाय ‘बोध होणे’ ही मराठीत एक घटना असते. ज्याचा अजून बोध झालेला नाही पण पुढे होऊ शकतो, असा मोकळा अर्थ ‘अबोध’मध्ये राहतो, आणि मनोविश्लेषणाचा सारा भर अबोधाचा बोध होण्यावरच आहे.

याच ओघात ‘दमन’विषयीही सांगणे आवश्यक आहे. नकोशी इच्छा जाणिवेबाहेर ढकलली जाण्याला पाठ्यपुस्तके दमन म्हणतात. कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र ‘दमन’ म्हटले की शम-दम आठवतात. इंद्रियदमन हे साधकाने जाणूनबुजून करायचे आणि प्रशंसनीय असे कर्म आहे. फ्रॉइड यांना अभिप्रेत असलेली क्रिया माणसाच्या नकळत होते आणि ती झाली हेही त्याला कळत नाही. म्हणून ‘त्याने इच्छा दडपली’ यापेक्षा ‘त्याच्याकडून इच्छा दडपली गेली’ असे लिहावे. मराठीतला हा ‘नवीन कर्मणी’ प्रयोग इथे एखाद्या व्याख्येइतका उपयोगी पडतो.

उपनिषदांचे ‘गूढ’ याहून फार वेगळे आहे. कठोपनिषदात म्हटले आहे, ‘एष सर्वेषु भूतेषु गूढोऽऽत्मा न प्रकाशते’ : सर्व भूतांत लपलेला हा आत्मा प्रकट होत नाही, तो सूक्ष्म बुद्धीलाच दिसतो. ‘गूढ’ आणि ‘गुहा’ हे एकाच धातूचे शब्द, आणि गुहेत असलेला तो पुराणपुरुष हीही त्याच उपनिषदाची कल्पना. पण तिथे लपलेली वस्तू म्हणजे कोणी दूर ढकललेली आठवण किंवा इच्छा नव्हे. जो पाहतो तोच स्वतःच्या पाहण्यातून निसटला आहे. माण्डूक्य उपनिषदात तर गाढ झोपेचे, म्हणजे सुषुप्तीचे, लक्षणच असे दिले आहे की तिथे माणूस कसलीही कामना करत नाही आणि कसलेही स्वप्न पाहत नाही. फ्रॉइड यांचा अबोध कामनांनी ओसंडत असतो. तेव्हा ‘सुषुप्ती म्हणजेच अबोध मन’ हे समीकरण काही व्याख्यानांत ऐकू येते, ते सोडून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

युंग यांच्याबाबत गुंता अधिक आहे, कारण त्यांनी स्वतः भारतीय शब्दांकडे जाणीवपूर्वक पाहिले होते. 1932 साली त्यांनी झुरिचमध्ये कुंडलिनीयोगावर व्याख्याने दिली, 1937 च्या अखेरीस ते भारतात आले, आणि 1944 साली रमण महर्षींविषयीच्या एका जर्मन पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. व्यक्तीच्या समग्रतेच्या केंद्राला त्यांनी ‘स्व’ अशा अर्थाचे जे नाव दिले त्यामागे आत्मविचाराची छाया निश्चित आहे. तरीही अहं पूर्णपणे मावळल्यावर जाणीव उरते हे त्यांना मान्य नव्हते. जाणायला कोणीतरी ‘मी’ हवाच, असे ते म्हणत. अद्वैताचा साक्षी, म्हणजे नुसता पाहणारा आत्मा, नेमका तिथून सुरू होतो. म्हणून युंग यांच्यासाठी ‘स्व’ आणि उपनिषदांसाठी ‘आत्मा’ हा भेद टिपणात शेवटपर्यंत पाळावा. ‘अहं’ आणि ‘अहंकार’ यांतही असाच भेद ठेवावा; बोली मराठीत अहंकार म्हणजे गर्व, आणि ज्या ‘अहं’वाचून रोजचे जगणे चालत नाही त्याला गर्व म्हणून चालणार नाही.

युंग यांच्या ‘सावली’बद्दल बाईंनी स्वतंत्रपणे विचारले आहे. स्वतःविषयीच्या कल्पनेत न बसणारा, म्हणून नाकारलेला स्वभावभाग, हा तिचा अर्थ. मराठीत सावली मायेची असते, छाया कृपेची असते. उन्हाच्या या मुलखात त्या शब्दांना वाईट अर्थ चिकटत नाही. ‘सावट’ उलट फारच अशुभ. मला ‘पडछाया’ बरी वाटते, कारण ती माणसाची स्वतःचीच असते आणि पाठ सोडत नाही. तिला षड्रिपू मात्र म्हणू नये. रिपूंना जिंकायचे असते. पडछायेला आधी आपली म्हणायचे असते, आणि तिच्यात राग-मत्सराबरोबर वाढू न दिलेले चांगले गुणही असतात.

समाजासमोरच्या चेहऱ्यासाठी युंग यांनी रोमन नटांच्या मुखवट्याचा लॅटिन शब्द घेतला. मराठीत ‘मुखवटा’ म्हटले की ढोंगाचा वास येतो, ‘त्याचा मुखवटा गळून पडला’ असे आपण म्हणतो, आणि त्यामुळे काहींनी ‘सामाजिक चेहरा’ सुचवला आहे. गोव्यात राहून मला हा बदल अनावश्यक वाटतो. आपल्याकडे शिवलिंगावर चांदीचा मुखवटा चढवतात तेव्हा कोणी कोणाला फसवत नसते; ज्याला चेहरा नाही त्याच्याशी बोलता यावे म्हणून चेहरा दिला जातो. पेरणी जागर या आपल्या लोकनाट्यात लाकडी मुखवटा चढवलेल्या कलावंताला गाव खोटा म्हणत नाही. मुखवट्याचा हा आदराचा अर्थ आपल्या हाती आहे, आणि युंग यांचे म्हणणेही असेच आहे की तो चेहरा आवश्यक असतो. अडचण होते ती माणूस त्यालाच संपूर्ण ‘मी’ समजू लागतो तेव्हा.

उपप्रश्न : पेडण्याच्या एका वाचकाने विचारले आहे की ‘भार येणे’ याला या टिपणात काय म्हणावे, ‘अबोधाचा उद्रेक’ म्हणता येईल का?

वर्णन करताना ‘भार येणे’ असेच लिहावे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हवे तर ‘अंगात येणे’ हे शब्द एकदा जोडावेत. ‘अबोधाचा उद्रेक’ हे एका शास्त्राने दिलेले स्पष्टीकरण आहे आणि ते त्या शास्त्राच्या नावावरच लिहावे. युंग यांचा 1902 सालचा डॉक्टरेटचा प्रबंध अशाच अवस्थेत बोलणाऱ्या एका तरुणीविषयी होता आणि पुढे त्यांनी मनातल्या स्वतंत्रपणे वागणाऱ्या गाठींचा विचार मांडला. त्यांना मराठीत ‘गंड’ म्हणतात आणि ‘न्यूनगंड’ तर घरोघरी पोचला आहे. साळ गावच्या गडे उत्सवातल्या गड्यांना येणाऱ्या भाराला गंड म्हणणे त्या गावाला मान्य होणार नाही, आणि टिपण गावातही वाचले जाणार आहे. ‘गावकरी याला देवाचा भार मानतात, युंग यांच्या मते अशा वेळी अबोध मनातील गंड बोलतो’ अशी दोन स्वतंत्र वाक्ये लिहावीत आणि मध्ये ‘म्हणजेच’ घालू नये.

‘अंतःकरण’ टिपणात आले तर एक तळटीप मात्र द्यावी. वेदान्तात ते मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांचे मिळून नाव आहे, बोली मराठीत ते हृदयाच्या जवळ जाते, आणि आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोकणीत ‘अंतस्कर्न’ म्हणजे बऱ्यावाईटाची टोचणी लावणारी सदसद्विवेकबुद्धी. मंडळात तिन्ही प्रकारचे वाचक असतील, तर कोणता अर्थ घेतला आहे ते पहिल्याच उल्लेखात सांगितलेले बरे.