पत्रकार खासदार झाला की त्याची पत्रकारिता बाटते का?

गोदाकाठ, पैठण:
काल इथं एकानं लिहिलं, "पत्रकार राजकारणात गेला की त्याची आधीची सगळी बातमीदारी विकाऊ ठरते. कुमार केतकर बघा, इम्तियाज जलील बघा." दोघांना एका दावणीला बांधू नका. केतकर मोठे संपादक, पण २०१८ ला काँग्रेसनं त्यांना राज्यसभेवर पाठवलं. दारोदार फिरावं लागलं नाही. जलील एनडीटीव्हीतून बाहेर पडले, २०१४ ला औरंगाबाद मध्यचे आमदार झाले. २०१९ ला चार वेळच्या चंद्रकांत खैरेंना ४,४९२ मतांनी पाडून लोकसभेत गेले आणि २०२४ ला संदिपान भुमरेंकडून हरले. नको वाटला तेव्हा लोकांनी घरी बसवला. संपादकाला असं घरी बसवायची सोय वाचकाकडं आहे का?

बीडचा वाचक:
ते ४,४९२ मिरवू नका. हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांवर मतं खाल्ली, वंचितची साथ होती. बातमीदारीवर किती मतं पडली? अनंतराव भालेराव दैनिक 'मराठवाडा'चे संपादक होते, आणीबाणीत तुरुंगात गेले. लेखणीची किंमत तिथं कळते, संसदेच्या बाकावर नाही.

गोदाकाठ, पैठण:
अनंतरावांना मध्ये आणू नका. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेले, म्हणजे राजकारण करूनच संपादक झालेले. तेव्हा लेखणी बाटली नाही, मग उलट्या वाटेनं गेल्यावर कशी बाटते?

जुना वार्ताहर, अंबड तालुका:
तुम्ही दोघं संपादकांचंच धरून बसलात. तालुक्याच्या वार्ताहराला विचारा. मला पगार नव्हता, जाहिरातीवर कमिशन. पंधरा ऑगस्टची पुरवणी आली की कोटा ठरलेला. सरपंचाकडून फोटोसकट शुभेच्छांची पाव पान जाहिरात आणायची आणि आठवड्यानं त्याच्याच घरकुल यादीतल्या घोळाची बातमी द्यायची. दिली. जाहिरातीचे पैसे बुडाले, ते माझ्याच हिशेबातून कापले. खासदारकी लांबच राहिली, बातमी तिथंच बाटते.

बीडचा वाचक:
मग असल्या माणसाकडून जाहिरात घेतलीच कशाला?

जुना वार्ताहर, अंबड तालुका:
लेकराची फी तुम्ही भरणार होता का? शहरात बसून नीतिमत्ता शिकवू नका. २००९ ला भोकरमध्ये काय झालं? अशोक चव्हाणांच्या प्रचारात बातमीच्या रूपात पानंच्या पानं छापून आली, पी. साईनाथांनी ते 'द हिंदू'त मांडलं. ती पानं वार्ताहरानं ठरवली होती का?

नांदेडकर:
अर्धंच सांगू नका. पैसे देऊन छापल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला आणि निवडणूक आयोगाची नोटीस दिल्ली उच्च न्यायालयानं २०१४ ला रद्द केली. तेही लिहा.

जुना वार्ताहर, अंबड तालुका:
लिहिलं समजा. पण वाचकाला त्या पानावर 'जाहिरात' हा शब्द दिसला नाही, त्याचं काय?

बीडचा वाचक:
वार्ताहराचं म्हणणं खरंय, आवाज चढवला तरी. राज्यसभेचंही गोदाकाठकरांचं नाइलाजानं मान्य. पण उभं राहायच्या आधी वर्षभर तरी लेखणी खाली ठेवावी. कालपर्यंत ज्याच्यावर अग्रलेख लिहिला, आज त्याच्याच विरोधात अर्ज भरायचा, हे मला पटणार नाही.

गोदाकाठ, पैठण:
वर्षभर जास्त होतं. सहा महिने म्हणा, मी सही करतो.

जुना वार्ताहर, अंबड तालुका:
सहा महिने बिनपगारी राहणं संपादकाला जमेल. लोकसभेची अनामतच २५,००० आहे. माझ्यासारख्यानं उभं राहायचं तर ती कोणाकडून घ्यायची, आणि ज्यानं दिली त्याची बातमी मग कोणी लिहायची?