आरमध्ये अ‍ॅनोव्हा नॉन-सिग्निफिकंट येतोय, पण डोळ्यांना तर फरक दिसतोय

नवखा_रब्बी

नमस्कार मंडळी, एमएस्सी अ‍ॅग्री दुसरं वर्ष, थिसिस जमा करायला तीन आठवडे राहिलेत आणि मी अ‍ॅनोव्हालाच अडकून बसलोय, म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक खरा का योगायोगाचा ते तपासणाऱ्या चाचणीला. रब्बी कांद्याचा प्रयोग आहे, आरबीडी (शेताचे पट्टे म्हणजे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट), ५ ट्रीटमेंट, ४ रेप्लिकेशन, प्लॉट ३ बाय २ मीटरचा, आकडे किलो प्रति प्लॉट. डेटा आर१ ते आर४ असा:

टी१: ११.४, ११.३, १३.४, १२.७
टी२: १२.९, १४.७, १४.६, १५.०
टी३: १४.५, १५.०, १५.९, १७.४
टी४: १४.६, १४.२, १४.९, १५.५
टी५: ११.८, १३.८, १३.२, १४.४

सरासरी अनुक्रमे १२.२, १४.३, १५.७, १४.८, १३.३. टी१ आणि टी३ मध्ये साडेतीन किलोचा फरक, काढणीच्या दिवशी गोणी उचलतानाच कळत होतं, आणि आर हे सॉफ्टवेअर म्हणतंय ट्रीटमेंटचा एफ (ट्रीटमेंटमधला फरक भागिले एररचा) १.५९, पी (खरा फरक नसतानाही इतका एफ येण्याची शक्यता) ०.२२ म्हणजे काहीच नाही. वैतागून एक्सेलमध्ये दोन-दोनच्या जोड्या लावून टी-टेस्ट केल्या तर १० पैकी ४ जोड्या सिग्निफिकंट. आता खरं कोणाचं धरू? थिसिसमध्ये टी-टेस्टच देऊन टाकल्या तर चालतील का?

आकडेमोड

टी-टेस्टचं नंतर बघू, आधी तुझ्या अ‍ॅनोव्हा टेबलमधला डीएफचा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, गटांसाठी गटांची संख्या वजा एक) कॉलम टाक इथे. एफ आणि पी नको, फक्त डीएफ.

नवखा_रब्बी

ट्रीटमेंट १, रेप १, रेसिड्युअल्स १७.

आकडेमोड

वाटलंच होतं. पाच ट्रीटमेंट असतील तर डीएफ ४ यायला पाहिजे, चार रेप असतील तर ३, आणि एररला, म्हणजे उरलेल्या फरकाला, १२. तू एक्सेलमध्ये ट्रीटमेंटच्या कॉलमला नुसतं १, २, ३, ४, ५ टाईप केलंयस ना? आरला ते कसं कळणार की ही नावं आहेत, त्याने आकडे समजून त्यातून एक सरळ रेघ ओढली, १ पासून ५ पर्यंत उत्पादन चढत जातं का उतरत जातं एवढंच तपासलं. आणि तुझं उत्पादन टी३ पर्यंत चढतं मग उतरतं, त्यामुळे रेघ जवळजवळ आडवी, म्हणून एफ १.५९. म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोललेलं नाही, तू विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय, फक्त तो प्रश्न तुझा नव्हता.

दोन्ही कॉलम अ‍ॅज डॉट फॅक्टरमधून काढ, म्हणजे आर त्यांना आकडे नाही, गटांची नावं समजेल, आणि परत एओव्ही (आरमधली त्याच चाचणीची कमांड) चालव. दर वेळी एफ बघायच्या आधी डीएफ बघायची सवय लाव, आमच्या लॅबमधले निम्मे घोळ तिथेच सापडतात.

टी-टेस्टबद्दल: पाच गटांच्या जोड्या होतात १०. प्रत्येक वेळी चुकायची शक्यता ५ टक्के धरली आणि जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर कुठेच खरा फरक नसतानाही निदान एक तरी खोटी जोडी सापडायची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. शिवाय त्या टी-टेस्टमध्ये तुझे ब्लॉक गायबच झाले. तुझा आर१ चा पट्टा बघ, पाच प्लॉटची बेरीज ६५.२ आणि आर४ ची ७५.०, जमिनीत एवढा फरक असताना तो बाजूला काढायचा नसेल तर आरबीडी घातलीच कशाला.

वऱ्हाडी_ठेचा

अबे भाऊ काऊन एवढं टेन्शन घेऊन राह्यला, माह्यं बी सेम झालं होतं तुरीच्या डेटात. ट्युकी (सगळ्या जोड्या एकदम ताडणारी टेस्ट) चालवला का लाल अक्षरात नॉन-फॅक्टर्स इग्नोअर्ड अशी वॉर्निंग येत होती आन मी म्हणलं वॉर्निंगच तं आहे, एरर थोडीच आहे, आन तिच्याखाली एरर बी होती ते दिसलंच नाही राजा, दोन दिवस गेले. तेव्हापासून एक्सेलमध्येच टी१ टी२ असं अक्षर लावून टाईप करतो. पण त्यातबी एक गंमत आहे, एका ठिकाणी टी३ च्या मागं स्पेस पडली होती, सीएसव्ही वाचल्यावर आरनं ते वेगळंच धरलं, टी३ एक आन टी३-स्पेस एक. पाच ट्रीटमेंटचे सहा झाले. तेबी डीएफनंच पकडून देल्लं, ४ च्या जागी ५ आला होता.

नवखा_रब्बी

झालं!!! दोघांचे खूप आभार. ट्रीटमेंट डीएफ ४ एफ १८.३९, रेप डीएफ ३ एफ ८.८१, एरर डीएफ १२, एरर मीन स्क्वेअर ०.३९८७. सीव्ही (सरासरीच्या मानाने एररचं प्रमाण) साडेचार टक्के.

आता दुसरा घोळ. आमच्या मॅडम म्हणतात सीडी (क्रिटिकल डिफरन्स) काढ, आपल्याकडे सीडीच चालते. पेपर जिथे पाठवायचाय तिथल्या रिव्ह्यूअरने सिनियरला ट्युकी करायला लावलं होतं. अ‍ॅग्रिकोली पॅकेजमध्ये दोन्ही केलं तर अक्षरं (एखादं अक्षर सामाईक म्हणजे फरक नाही) वेगवेगळी येतात!! सीडीने टी३ ला ए, टी४ एबी, टी२ बी, टी५ सी, टी१ डी. ट्युकीने टी३ ए, टी४ पण ए, टी२ एबी, टी५ बीसी, टी१ सी. डेटा एकच ना?

जुनी_फळी

अरे बाळा, डेटा एकच आहे, काठी वेगळी आहे. मी तीस वर्षं हेच शिकवलंय तेव्हा जरा सावकाश सांगते.

दोन सरासऱ्यांमध्ये निदान किती फरक असला म्हणजे तो खरा मानायचा, त्याचा आकडा म्हणजे सीडी. तुझ्या एररवरून फरकाचा स्टँडर्ड एरर येतो ०.४४६५, त्याला १२ डीएफचा तक्त्यातला टी म्हणजे २.१७९ ने गुण, ०.९७ आलं. ट्युकी दहाही जोड्यांचा एकदम विचार करतो, म्हणून त्याची काठी लांब. पाच गट आणि १२ डीएफला ट्युकीच्या तक्त्यातला क्यू ४.५१, गुणिले सरासरीचा स्टँडर्ड एरर ०.३१५७, म्हणजे १.४२. आता टी३ आणि टी२ मधला फरक बघ, १.४०. सीडीच्या हिशेबाने स्पष्ट वेगळे, ट्युकीच्या हिशेबाने दोन दशांश ग्रॅमने, चुकले, वीस ग्रॅमने अॅट पार, म्हणजे सारखेच. टी५ आणि टी१ चंही तसंच, १.१ चा फरक सीडीच्या काठीपेक्षा मोठा, ट्युकीच्या काठीपेक्षा नाही.

सीडी म्हणजे फिशरचा एलएसडीच (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स). आपल्याकडे कृषीवाल्यांच्या हाती तो पानसे-सुखात्मेंमुळे रुजला, आयसीएआरने (भारतीय कृषी संशोधन परिषद) १९५४ साली त्यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं आणि थिसिसच्या मटेरियल अँड मेथड्समध्ये त्यांचं नाव नसेल तर अजूनही परीक्षकाला चुकल्यासारखं होतं. सीडी वाईट नाही, पण एफ सिग्निफिकंट आला तरच ती काढायची आणि गट खूप असले की ती जास्त उदार होते. वीस वाण असतील तर १९० जोड्या होतात, तिथे मी तरी सीडीवर विसंबणार नाही. पाचाला थिसिसमध्ये सीडी आणि पेपरला ट्युकी, खाली टीप लिहून, बिनधास्त दे. फक्त दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलू नकोस, कोणती टेस्ट ते निकाल बघायच्या आधी ठरव.

पण मला एक सांग, एवढी चर्चा झाली आणि तुला कोणी विचारलंच नाही, टी१ ते टी५ म्हणजे नक्की काय आहे? वाण आहेत का खतं?

नवखा_रब्बी

नत्राचे डोस आहेत मॅडम. टी१ शून्य, मग हेक्टरी ५०, १००, १५० आणि २०० किलो.

जुनी_फळी

बघ! मग अक्षरं चिकटवायचा हा खेळच कशाला? वाण असते तर टी२ आणि टी३ वेगळे का, हा प्रश्न बरोबर होता. डोस आहेत तर शेतकरी विचारणार की किती टाकू, त्याला ए आणि एबी सांगून काय करू.

तुझ्या ट्रीटमेंटचे सम ऑफ स्क्वेअर्स (एकूण फरकाचं माप) २९.३३ आहेत. त्यातला सरळ रेषेचा वाटा २.९२, वर्गाचा म्हणजे वळणाचा २५.७९, आणि उरलेल्या दोन डीएफना मिळून ०.६३, म्हणजे काहीच नाही. सगळी गोष्ट त्या वळणात आहे. पहिल्या चुकीच्या अ‍ॅनोव्हात हेच वळण एररच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं, एरर ०.४० च्या जागी १.८४ झाला आणि त्याखाली सगळं दबलं.

तेव्हा आता डोस आकडा म्हणूनच ठेव, पण डोस आणि डोसचा वर्ग दोन्ही मॉडेलमध्ये घाल, रेप मात्र फॅक्टरच. शिखर कुठे येतं ते काढ. शेतात काय दिसलं होतं २०० किलोच्या प्लॉटला? माना जाड?

नवखा_रब्बी

हो मॅडम, पात नुसती माजली होती, माना जाड, जोडकांदेही जास्त निघाले.

शिखर ११० किलोला आलं, तिथे अंदाजे १५.४ किलो प्रति प्लॉट. म्हणजे आमचा टी३ अगदी जवळ होता.

आकडेमोड

म्हणजे मी फॅक्टर कर म्हणालो आणि शेवटी आकडाच ठेवायचा होता 😅 पण सरळ रेघ नको होती, एवढं तरी माझं बरोबर.

मिरचीचा_ठसका

धागा हायजॅक करते सॉरी, पण मी प्रत्येक प्लॉटमधून १० मिरच्यांची लांबी मोजलीये, २० प्लॉट (माझेही ५ ट्रीटमेंट, ४ रेप) म्हणजे २०० ओळी टाकल्या तर सगळंच सिग्निफिकंट येतंय, एररचा डीएफ १९२. चांगलंच आहे ना हे?

आकडेमोड

नाही. ट्रीटमेंट प्लॉटला दिलीस, मिरचीला नाही. दहा मिरच्यांची सरासरी काढ, २० ओळी कर, एररचा डीएफ १२ वर येईल. मग बघ किती टिकतंय.

मिरचीचा_ठसका

दोनच फरक टिकले 😭