मदत हवी आहे: तपासणीत कान ठीक, पण गोंगाटात शब्द कळत नाहीत. सरावाने कान तयार होतो का?

नमस्कार मंडळी,

माझं वय ४६. शांत खोलीत मला सगळं स्वच्छ ऐकू येतं. पलीकडच्या खोलीत फोन नुसता थरथरला तरी कळतं. पण सात-आठ माणसं एकदम बोलायला लागली, वर कुठेतरी गाणी चालू असली, की समोरच्याचा आवाज तेवढा येतो, शब्द येत नाहीत. दोन-अडीच वर्षं हे चालू आहे आणि मी हळूहळू माणसांत जायचं टाळायला लागले आहे.

धागा काढायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात घरचे सगळे जमलो होतो, बराच गलका होता. भाची जवळ येऊन म्हणाली, "मावशी, माझी निवड झाली नाही." मला ऐकू आलं, "मावशी, माझी निवड झाली." मी तिला मिठी मारून "वा, शाब्बास!" म्हणाले. तिचा चेहरा बघून काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते तिच्या आईने नंतर सांगितलं. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

त्यावर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो आणि टोकाशी येईपर्यंत बोलणाऱ्याचा आवाज उतरलेला असतो. म्हणजे जो शब्द निसटायलाच नको, तोच आधी निसटतो. दुसरं म्हणजे स्वर कळतात, व्यंजनं बुडतात. काल, ताल, पाल, चाल हे सगळे मला गर्दीत एकसारखेच वाटतात.

ऑडिओमेट्री (शांत खोलीत बीप ऐकवून घेतात ती कानाची तपासणी) झाली आहे. २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत दोन्ही कान २० डेसिबलच्या आत. "कान उत्तम आहेत, लक्ष देऊन ऐका" असं सांगून परत पाठवलं. लक्ष देऊन देऊन तर संध्याकाळी डोकं भणभणतं.

मग स्वतःच सराव सुरू केला. फोनवर गर्दीचा आवाज लावायचा, त्यातच एक ऑडिओबुक, रोज २० मिनिटं, इअरफोन लावून. तीन आठवड्यांत त्या निवेदकाचं जवळजवळ सगळं कळायला लागलं. फार आनंद झाला होता. पण परवा पुन्हा दहा जणांत बसले आणि पहिले पाढे पंचावन्न!

असा सराव कुणी केला आहे का? माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

मी श्रवणतज्ज्ञ आहे. "लक्ष देऊन ऐका" हे तुम्हाला सांगायला नको होतं. शांत खोलीतल्या बीप ऐकू येणं आणि गोंगाटातून वाक्य उचलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या चाचणीवरून दुसऱ्याचा अंदाज नीट बांधता येत नाही. 'स्पीच इन नॉइज' चाचणी मागून घ्या. तिच्यात मागचा कोलाहल पायरीपायरीने वाढवत वाक्यं ऐकवतात. बोलणं आणि गोंगाट जवळपास सारख्याच पातळीवर आले तरी चांगल्या कानाला साधारण निम्मे शब्द कळतात. तुम्हाला त्यासाठी गोंगाट किती कमी करावा लागतो, ते तिथे आकड्यात दिसेल.

ऑडिओग्राम (ऑडिओमेट्रीचा आलेख) चांगला असूनही असं का होतं, याचं एक संभाव्य कारण २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि तो मेंदूकडे नेणारे श्रवणतंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे गेले होते. जिवंत माणसात हे थेट मोजता येत नाही, म्हणून तुमचंही तेच असेल असं मी म्हणणार नाही. पण तक्रार मनाची नाही, एवढं नक्की.

आता सरावाचं. तुम्ही एक आवाज शिकलात. ओळखीचा आवाज गर्दीतून उचलणं सोपं जातं, आणि इतर आवाजांसाठी त्याचा फायदा थोडाच होतो. बायका, पुरुष, मुलं, भरभर बोलणारे, पुटपुटणारे असे आवाज बदलत राहा. मागे नुसती घरघर नको, माणसांची बोलणी हवीत, कारण तीच जास्त त्रास देतात: त्यांच्यातही अर्थ असतो आणि मन तिकडे ओढलं जातं. वाक्य ऐकलं की मोठ्याने म्हणा, मग लिखित मजकुराशी ताडून बघा. चूक तिथल्या तिथे कळली नाही तर कान चुकीचंच पक्कं करतो.

आणखी एक, बहुधा सर्वांत महत्त्वाचं. इअरफोनमध्ये बोलणं आणि गर्दी दोन्ही एकाच जागेहून येतात. खऱ्या जगात मेंदू दिशा वापरतो. आवाज लांबच्या कानाला हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळाने उशिरा पोचतो, डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंदही होतो, आणि तेवढ्या फरकावर मेंदू समोरचं आणि बाजूचं वेगळं करतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये गर्दीत एकच बोलणं कसं निवडलं जातं यावर प्रयोग केले, त्यांतही दोन बोलणी दोन कानांत वेगवेगळी दिली की काम एकदम सोपं झालं होतं. तेव्हा इअरफोन काढा. बोलणं समोरच्या फोनवर आणि गर्दी बाजूला किंवा मागे दुसऱ्या फोनवर लावा.

एकाच कानाने अचानक कमी ऐकू आलं किंवा सोबत चक्कर आली, तर मात्र सराव वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

प्रतिसाद २

मला हाच त्रास आहे आणि खरं सांगायचं तर सरावापेक्षा जागा बदलल्याने जास्त फरक पडला. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मी भिंतीला पाठ लावून बसतो, गर्दी एका बाजूला राहते आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड येतो. ओठ दिसले की प आणि त मधला गोंधळ संपतो. "काय?" असं विचारणं सोडून दिलं आहे. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवतो. "निवड झाली की नाही झाली?" एवढं विचारलं तरी समोरचा नेमका हवा तो शब्द पुन्हा देतो.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इअरफोनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाचणीची वेळ घेतली आहे, निकाल इथेच लिहीन. काल दोन फोन लावून बसले तर पहिली पाच मिनिटं इअरफोनपेक्षा सोपी गेली, मग मागच्या बोलण्यात मन अडकलं.

भाचीला सगळं सांगितलं. आता सरावाची वाक्यं ती वाचून रेकॉर्ड करून देते आहे, सगळी "नाही", "नको", "नव्हतं"ने संपणारी. एक विचारायचं राहिलं: तिचाच आवाज रोज ऐकला तर मी पुन्हा एकाच आवाजाला सरावेन का? की घरच्या चार-पाच जणांकडून तीच वाक्यं वाचून घेऊ?